सुरक्षित अंतर

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले आणि वाडीची गर्दी मागे पडली, की पुढे संत्र्याचे बगीचे लागतात. काटोल-कोंढाळीकडची ही जमीन वरून काळी, मऊ. खाली मात्र पक्का काळा दगड. संत्र्याला पाणी द्यायचे तर विहीर या दगडात उतरवावी लागते, आणि हा दगड कुदळीला दाद देत नाही. म्हणून सुरुंग. माझ्या लहानपणी शेजारच्या शेतात विहिरीचे काम चालू असले, की दिवसातून एकदोनदा एक माणूस काठावर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचा, ‘पळा होऽऽ, सुरुंग हाये!’ आम्ही पोरे बांधावरच्या लिंबामागे जाऊन बसायचो. जमिनीच्या पोटातून दबका आवाज यायचा, पायांखाली काहीतरी हलल्यासारखे वाटायचे, चार दगड वर उडून खाली पडायचे आणि पाचदहा मिनिटांनी सगळे पुन्हा कामाला लागायचे. किती लांब पळायचे हे कुणी मोजून दिलेले नव्हते. दगड जिथवर येत नाही तिथवर.

हा ‘किती लांब’चा हिशेब हीच स्फोटकांच्या कायद्याची सगळी कुळकथा आहे. आणि योगायोग असा, की हा हिशेब ठेवणारे देशाचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. सेमिनरी हिल्सवरच्या केंद्र सरकारी कार्यालयांच्या संकुलात ‘पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना’ बसते. ‘पेसो’ हे तिचे अलीकडचे नाव. जुन्या नागपूरकरांच्या तोंडी ते अजून ‘एक्स्प्लोझिव्हचे ऑफिस’च आहे. देशात कुठेही स्फोटकांचा कारखाना काढायचा, कोठार बांधायचे, तर नकाशा या खात्याकडून मंजूर व्हावा लागतो. खात्याचे चाचणी केंद्र अमरावती रस्त्यावरच, गोंडखैरीला आहे. धामणा आणि बाजारगाव ही गावेही याच रस्त्याची.

या दोन गावांची नावे महाराष्ट्राला कळली ती स्फोटांमुळे. १७ डिसेंबर २०२३, रविवार. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात चालू होते. सकाळी साडेनऊच्या सुमारास बाजारगावच्या सोलर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात ‘कास्ट बूस्टर’ विभागात पॅकिंग चालू असताना स्फोट झाला आणि नऊ जण गेले. त्यात सहा बाया होत्या. सहाच महिन्यांनी, १३ जून २०२४ रोजी दुपारी, धामण्याच्या चामुंडी एक्स्प्लोझिव्ह्जमध्ये स्फोट झाला. पहिल्याच दिवशी सहा मृत्यू. त्यांतल्या पाच बाया, बहुतेक विशी-तिशीतल्या. पुढे रुग्णालयात हा आकडा वाढला. इथेही जागा तीच : पॅकिंग.

दोन्ही वेळी वर्तमानपत्रांनी ‘हलगर्जीपणा की अपघात’ हा नेहमीचा प्रश्न विचारला. तो रास्तच आहे, पण त्याचे उत्तर न्यायालयाने आणि चौकशी अधिकाऱ्यांनी द्यायचे आहे. मला छळतो तो दुसरा प्रश्न. दीडशे वर्षे स्फोटकांपासून माणसाला दूर नेण्याचे शास्त्र घडत आले. मग त्या शास्त्राच्या राजधानीपासून तासाभराच्या वाटेवर, एकोणीस-वीस वर्षांच्या मुली स्फोटकांच्या इतक्या जवळ येऊन बसल्या कशा?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

मराठीत ‘दारू’ या शब्दाचा जुना अर्थ बंदुकीची दारू. दिवाळीत आपण उडवतो ती शोभेची दारू. मुंबईत रे रोड स्टेशनच्या पूर्वेला जहाजे तोडण्याचा धंदा चालतो त्या भागाचे नाव अजून ‘दारूखाना’ आहे आणि माझगावात ‘गनपावडर रोड’ही आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा ही अक्कल प्रत्येक किल्लेदाराला होती. अडचण पुढेच येते. वस्ती वाढते, रस्ता जातो, रेल्वे जाते, आणि एके काळी दूर असलेला दारूखाना शहराच्या पोटात येतो. आज माझगावला कुणी शहराबाहेर म्हणणार नाही.

या अकलेला कायद्याचे रूप मिळाले ते लंडनमधल्या एका स्फोटानंतर. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे रीजंट्स कालव्यातून जाणाऱ्या ‘टिलबरी’ नावाच्या पडावात सुमारे पाच टन बंदुकीची दारू होती आणि सोबत पेट्रोलियमही. रीजंट्स पार्कजवळच्या पुलाखाली पडाव फुटला. पूल गेला, पडावावरची माणसे गेली, आसपासच्या श्रीमंत घरांच्या खिडक्या गेल्या. खाणीत आणि दारूच्या गिरण्यांत माणसे मरतच होती, पण खिडक्या फुटल्या त्या पार्लमेंटला ऐकू येतील अशा जागी. पुढच्याच वर्षी, १८७५ साली, इंग्लंडात स्फोटकांचा कायदा झाला. त्यामागचा माणूस म्हणजे तोफखान्याचा अधिकारी व्हिव्हियन मॅजेंडी. त्याच्या व्यवस्थेत तीन गोष्टी होत्या. माल आणि बाहेरचे जग यांत अंतर. एका इमारतीतला स्फोट दुसरीत जाऊ नये म्हणून इमारतींमध्ये अंतर आणि मातीचे बांध. आणि प्रत्येक इमारतीत किती माल आणि किती माणसे, याची मर्यादा. ती दारावर लिहून लावायची.

अंतराचे गणित सोपे आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चकवते. धक्क्याचा जोर मालाच्या वजनाच्या घनमुळाच्या हिशेबाने दूरवर पोचतो. माल आठपट केला तर अंतर दुप्पट केले की पुरते. त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ माल ठेवण्याचा मोह कारखानदाराला कायम राहतो. आपल्याकडच्या २००८ च्या स्फोटके नियमांच्या आठव्या परिशिष्टात याच गणितावर उभे असलेले तक्ते आहेत : अमुक इतका माल असेल तर रस्त्यापासून इतके मीटर, घरांपासून इतके, शेजारच्या इमारतीपासून इतके.

इंग्रजांनी हा कायदा हिंदुस्थानात आणला १८८४ साली. तोच, दुरुस्त्या होत होत, आजही लागू आहे. १८९८ साली मुख्य स्फोटके निरीक्षकाचे पद निर्माण झाले. सेमिनरी हिल्सवरचे कार्यालय त्याचाच वारसा. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे या विषयावरचे कायदे दोन. दुसरा झाला १९०८ च्या जूनमध्ये, मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर, अक्षरशः घाईघाईने. टिळकांनी ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख लिहिला तो त्या दिवसांतल्या दडपशाहीच्या कायद्यांवर. ज्या दोन लेखांसाठी त्यांना मंडालेला जावे लागले त्यांतला हा एक. १९०८ च्या कायद्यात स्फोट घडवणाऱ्याला जन्मठेप, काही विशेष स्फोटकांसाठी तर फाशीपर्यंत शिक्षा. आणि १८८४ च्या कायद्यात? १९७८ ची दुरुस्ती होऊनही नियम मोडून स्फोटके बनवणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षे कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. इतर किरकोळ उल्लंघनांना हजार रुपये. २०२४ साली केंद्राने नव्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात दंड वाढवण्याचे सुचवले आहे. सरकार बाँब फेकणाऱ्याला जेवढे घाबरले तेवढे बारूद भरणाऱ्याला कधी घाबरले नाही, एवढाच या दोन कायद्यांचा अर्थ मला लागतो.

कायद्याने आखलेले अंतर मोडले की काय होते, हे महाराष्ट्राने १४ एप्रिल १९४४ ला पाहिले. मुंबई गोदीच्या स्फोटाची हकिगत अनेकांनी लिहिली आहे आणि त्यात सोन्याच्या विटा नेहमी भाव खाऊन जातात. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर बँकेच्या सोन्याच्या विटा होत्या आणि त्यांतली एक मैलभरापेक्षा दूर एका पारशी गृहस्थाच्या घरावर जाऊन पडली, हे खरेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्याआधीचे दोन दिवस.

हे जहाज फेब्रुवारीत इंग्लंडातून निघाले तेव्हा त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि स्फोटके होती. कराचीला त्यावर कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी चढवल्या. तेलाची पिंपे होती, लाकूड होते, गंधक होते. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरू नये हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये आग कशी धुमसते हे विदर्भातले शेंबडे पोरही जाणते. पण युद्ध चालू होते, जहाजे कमी होती. शांततेच्या काळात स्फोटके असलेले जहाज धक्क्याला लागत नसे. माल बाहेरच पडावांवर उतरवून थोडा थोडा आणत. युद्धात वेळ वाचवण्यासाठी ही रीत बाजूला ठेवली गेली. स्फोटके आहेत हे सांगणारे लाल निशाणही जहाजावर नव्हते. अशा रीतीने १२ एप्रिलला ते व्हिक्टोरिया गोदीत, भर शहराला लागून उभे राहिले.

१४ तारखेला दुपारी दोनच्या आसपास दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. स्फोट झाला तो चार वाजून सहा मिनिटांनी. मधले दोन तास म्हणजे या सगळ्या इतिहासातला सर्वांत चीड आणणारा काळ. दारूगोळ्याचा जाणकार लष्करी अधिकारी सांगत होता, की जहाजात सबंध गोदी उडवण्याइतका माल आहे, ते बुडवा. कुणी म्हणे बाहेर ओढून न्या. कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दल, प्रत्येकाला थोडा थोडा अधिकार होता आणि निर्णय घ्यायला पुरेल इतका कुणालाच नव्हता. बंब पाणी मारत राहिले. पाण्यावर कापसाच्या जळत्या गाठी तरंगत वर, दारूगोळ्याकडे सरकल्या असाव्यात, असे नंतर अनेकांचे मत पडले. शेजारच्या जहाजांवर, धक्क्यांवर नेहमीचे काम चालूच होते. लाल निशाण नव्हते, धोक्याचा भोंगा नव्हता. विहिरीच्या काठावरून ओरडणारा तो माणूस तिथे नव्हता.

पहिल्या स्फोटानंतर अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. ‘जलपद्म’ नावाचे सुमारे चार हजार टनी जहाज उचलले जाऊन त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर जाऊन टेकला. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. मृतांचा आकडा कुणी आठशे धरतो, कुणी तेराशे. नेमका कधीच ठरला नाही. अग्निशमन दलाच्या ६६ जणांचा मात्र ठरला, आणि म्हणून १४ एप्रिलपासून आपण अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. बातमी दाबली गेली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ती सांगितली. इथल्या वार्ताहरांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सविस्तर वृत्त पाठवायला परवानगी नव्हती. तरीही एक गोष्ट परकीय सरकारच्या खात्यावर जमा करावी लागते. मुख्य न्यायाधीश सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि कोणत्या खणात काय ठेवले होते, कोण कोणाला काय म्हणाले, हे साक्षीपुराव्यांसह नोंदले गेले. आज आपण त्या दोन तासांविषयी मिनिटामिनिटाने बोलू शकतो ते त्यामुळे.

मुंबईचा स्फोट हा माल एका जागी साठू दिल्याचा स्फोट. जगातले गाजलेले बहुतेक मोठे स्फोट याच जातीचे : जर्मनीत ओपाऊ (१९२१), अमेरिकेत टेक्सास सिटी (१९४७), बैरूत (२०२०). तिन्ही ठिकाणी मुख्य वस्तू अमोनियम नायट्रेट, म्हणजे मूळचे खत. बैरूतनंतर चेन्नईजवळच्या गोदामात जप्त करून वर्षानुवर्षे ठेवलेले सुमारे सातशे टन नायट्रेट घाईने हलवले गेले, हे वाचकांना आठवत असेल. बाजारगाव-धामणा यांची जात मात्र वेगळी आहे. तिथे शहर उडाले नाही. मातीचे बांध आणि आठव्या परिशिष्टातली अंतरे यांनी त्यांचे काम केले असेच म्हणावे लागेल. शेजारच्या गावात, महामार्गावर कुणी दगावले नाही. मेले ते त्या इमारतीत होते तेवढेच. हे समजायला खाणीत उतरावे लागेल.

नागपूरच्या आसपास स्फोटकांचा धंदा का, याचे उत्तर जमिनीखाली आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनसर-रामटेक भागात मँगनीज निघू लागले. कामठी, उमरेड, वणी, चंद्रपूर, बल्लारपूर हा कोळशाचा पट्टा. पलीकडे छत्तीसगड आणि ओडिशा. १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षण खात्याने देशाच्या मधोमध, सीमेपासून दूर म्हणून याच भागात कारखाने उभारले : भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, नागपूरचे अंबाझरी, चंद्रपूरकडे भद्रावती. पुलगावचे दारूगोळा भांडार इथेच. खाणींसाठी लागणारी स्फोटके मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे परदेशातूनच येत. देशातला पहिला मोठा कारखाना १९५८ साली तेव्हाच्या बिहारमध्ये गोमियाला निघाला. नागपुरात खासगी कारखान्यांची दाटी झाली ती अलीकडे. सोलर इंडस्ट्रीज १९९५ सालची, आणि आज ती या व्यवसायात देशात अग्रभागी आहे, सैन्यालाही माल पुरवते. मागणी तर प्रचंड. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन शंभर कोटी टनांच्या वर गेले. त्यातला बहुतांश खुल्या खाणींतला, आणि खुल्या खाणीत कोळशाच्या आधी त्याच्यावरचा दगड फोडावा लागतो. आपल्या घरातला दिवा लागतो त्यामागे रोज दुपारी कुठेतरी सुरुंगांची रांग उडालेली असते.

आता या सुरुंगात भरतात काय, ते पाहू. आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल १८६४ साली नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात गेला आणि १८६७ साली नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. पुढची शंभर वर्षे खाणीत नायट्रोग्लिसरीनचे राज्य होते. ही चीज रागीट. हादऱ्याने, थंडीने, जुनी झाली म्हणूनही बिघडणारी. धोका सगळीकडे पसरलेला होता : कारखान्यात, रेल्वेत, कोठारात, खाणीत. १९५० च्या दशकात अमेरिकेत खत आणि डिझेल यांच्या मिश्रणाने खाणकाम सुरू झाले. त्यानंतर पाण्यातली स्लरी आली, मग इमल्शन. ही नवी स्फोटके थंड डोक्याची. हातोडा मारा, पेटवा, सहसा दाद देत नाहीत. भारतात २००४ साली नायट्रोग्लिसरीनवर आधारलेली स्फोटके बंदच झाली. ही फार मोठी सुधारणा होती. तिने किती खाणकामगार, किती ट्रकचालक वाचवले असतील, याचा हिशेब कुणी करत नाही; वाचलेल्यांचा हिशेब नसतोच.

पण एक अडचण उरली. थंड डोक्याच्या मालाला जागे कोण करणार? साधा डिटोनेटर त्याला पुरत नाही. मग मधे एक मध्यस्थ लागतो, तोच बूस्टर. टीएनटी सुमारे ऐंशी अंशांना वितळते. वितळलेल्या टीएनटीत पीईटीएन नावाचे त्याहून तिखट स्फोटक मिसळायचे आणि साच्यात ओतायचे. थंड झाले की मुठीत मावेलशी वडी तयार. हाच ‘कास्ट बूस्टर’. खाणीतल्या प्रत्येक भोकात खाली अशी वडी, तिच्यात डिटोनेटर, आणि वर टनावारी थंड इमल्शन. म्हणजे जो रागीटपणा पूर्वी सगळ्या मालात वाटलेला होता, तो आता बूस्टर, डिटोनेटर आणि वातींत गोळा झाला. इमल्शन यंत्राने ढवळतात, टँकरने खाणीवर नेतात, नळीने भोकात सोडतात. त्याला माणसाचा हात फारसा लागत नाही. बूस्टर आणि डिटोनेटर मात्र नग आहेत. नग म्हटले की मोजणे आले, तपासणे आले, खोक्यात भरणे आले. आणि मोजण्या-भरण्याचे काम आले की आपल्याकडे बाया आल्या. त्यांचे हात नाजूक, त्या टिकून बसतात, तंबाखू-विडी नसते, असे त्यामागे सांगितले जाते. मजुरी कमी, हे सहसा सांगितले जात नाही.

तंत्रज्ञानाने धोका कमी केला हे खरे आणि उरलेला धोका एका टेबलावर आणून ठेवला हेही खरे. तो कमी झाल्याचा फायदा खाणीला झाला आणि उरलेल्याचा भार पॅकिंगच्या खोलीवर पडला. टीएनटीमध्ये धक्का सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. तीन मीटरचे टेबल ओलांडायला त्याला सेकंदाचा दोन हजारावा भागही लागत नाही. तिथे अंतराचे सगळे तक्ते संपतात.

मॅजेंडीच्या पिढीला हे कळत होते. स्कॉटलंडच्या आर्डीर येथे नोबेलने कारखाना चालवला. तिथे नायट्रोग्लिसरीनच्या तापमानावर नजर ठेवणाऱ्या माणसाला बसायला एका पायाचे स्टूल देत. डुलकी लागली की माणूस पडलाच पाहिजे. कांड्या भरण्याचे काम तिथेही मुलींचेच. पण त्यांच्या झोपड्या वाळूच्या टेकाडांमध्ये सुट्या सुट्या आणि एकेका झोपडीत मोजक्याच मुली. टेबलावर अंतर ठेवता येत नसेल तर संख्या कमी ठेवा, हा त्यामागचा विचार. हिशेब क्रूर आहे. तो मरण टाळत नाही, मरणाऱ्यांची संख्या आधीच ठरवून टाकतो. तरीही तो हिशेब आहे. आपल्या परवान्यांतही ही माणसांची मर्यादा असते. आज यंत्राने भरणे, भिंतीपलीकडून कॅमेऱ्यात बघत काम करणे शक्य झाले आहे आणि काही ठिकाणी चालूही आहे. टेबलाजवळ नऊ जण असायला हवे होते का, निम्म्यांत भागले असते का, की एकही नको होता, हा प्रश्न प्रत्येक स्फोटानंतर सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे.

तो विचारायला माहिती लागते, आणि इथे मला १८७५ चे इंग्लंड बरे वाटू लागते. त्यांचे स्फोटके निरीक्षक दर मोठ्या अपघाताचा स्वतंत्र अहवाल छापत आणि तो पार्लमेंटपुढे जाई. एका कारखान्यात कपात खडा गेला, दुसऱ्या ठिकाणी बुटाला खिळा होता, तिसऱ्या ठिकाणी दुरुस्तीला लोखंडी हत्यार वापरले, असे बारीकसारीक तपशील त्यांत असत. पुढच्या कारखानदाराला ते वाचता येत. आपल्या कायद्यातही चौकशीची कलमे आहेत. गंभीर अपघाताची वेगळी चौकशी करण्याची सोयही आहे. त्यात कारखान्यांचे निरीक्षण राज्याच्या औद्योगिक सुरक्षा खात्याकडे, स्फोटकांचे केंद्राच्या पेसोकडे, आणि संरक्षण कारखाने या कायद्याच्या बऱ्याचशा कलमांबाहेर. चौकशी होते, अहवाल वर जातो, आणि बाजारगावचा सामान्य वाचक त्याची एक प्रत वाचायला मागेल तर त्याला कुठे जावे हे सांगणारा कुणी भेटत नाही. १९४४ च्या मुंबई गोदीविषयी आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे २०२३ च्या बाजारगावविषयी नाही.

तोवर यादी वाढत राहते. पुलगावच्या भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत १९ जण गेले, त्यांत आग विझवायला गेलेलेच अधिक. त्याच पुलगावजवळ २०१८ च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा निकामी करताना सहा जण गेले, त्यांत रोजंदारीचे मजूर होते. भंडाऱ्याच्या जवाहरनगरच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ ला छत कोसळून आठ. भंडारा, वर्धा आणि नागपूर हे शेजारशेजारचे जिल्हे. एसटीने एका दिवसात तिन्ही फिरून होतात.

बाजारगावच्या स्फोटानंतर फाटकाबाहेर आसपासच्या गावांतले नातेवाईक दिवसभर बसून होते. आत उरलेला माल निर्धोक होईपर्यंत मृतदेह बाहेर काढता येत नव्हते आणि काढल्यावर ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली. सरकारने पाच लाखांची मदत जाहीर केली. अधिवेशनात विषय निघाला. काही दिवसांनी कंपनीच्या बसगाड्या पुन्हा सुरू झाल्या. मी त्या रस्त्याने अधूनमधून जातो. सकाळी लवकर निघालो तर फाट्याफाट्यावर डबा आणि ओढणी सावरत उभ्या असलेल्या मुली दिसतात. बारावी झालेल्या, काही कॉलेज अर्धे सोडलेल्या. संत्र्याला दोन वर्षे भाव नसला की घरात नियमित येणारा पैसा यांचाच असतो. त्यांना जाऊन कुणी ‘तिथे काम करू नका’ म्हणावे, तर त्याने आधी त्यांच्या घरचा हिशेब मांडून दाखवावा.

२०२५ च्या सप्टेंबरात, ३ तारखेच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास, बाजारगावला पुन्हा स्फोट झाला. एक जण जागीच गेला, अनेक जखमी झाले. बातम्यांत आले ते असे, की या खेपेला आधी धूर दिसला आणि आतली माणसे बाहेर पळाली. इमारत उडाली तेव्हा त्यांतले बरेच जण मोकळ्यावर होते; अंगावर सिमेंटचे तुकडे येऊन पडले, हाडे मोडली, पण ती वाचली. कुणीतरी धूर पाहून ओरडले असणार.